अडतीस मिनिटं

ज्योकिमचा लॅपटॉप पुसून नव्या मुलाला द्यायचा होता.
स्विंडनहून त्याचा निरोप: काही नाही त्यात, खुशाल पूस.
तरी सवयीने मी यंत्राला विचारलंच,
बदललंय का काही?

एकच ओळ आली.
मानस: आत बदल आहे.
किती, कुठे, केव्हा, ते नाही.
शेजारणीने कुंपणावरून म्हणावं,
त्यांच्याकडे काहीतरी झालंय हं,
आणि चालू पडावं, तसं.

चूक आमचीच.
चोडणच्या बांदावर बसून आखलं होतं दोघांनी:
सगळ्यात बाहेर खाजन,
खाजनाच्या पोटात मानस, म्हणजे पाण्याचं दार,
मानसाच्या पोटात भरती.
प्रत्येकाचं घर निराळं, इतिहास निराळा,
बाहेरच्याने आतल्याचा फक्त पत्ता लिहून ठेवायचा,
चाळीस अक्षरांचा, जिभेवर न बसणारा.
शेतात काय पिकलं ते बांदाने कशाला लक्षात ठेवायचं,
असं ज्योकिम म्हणाला, कुर्लीची नांगी चोखत.
तेव्हा पटलं होतं.

मी मानसात उतरले.
फळ्या, बिजागऱ्या, उघडण्यामिटण्याचे नियम,
सगळं जिथल्या तिथे.
आणि तिथेही तीच शेजारीण:
भरती: आत बदल आहे.

खिडकीबाहेर रायबंदरच्या धक्क्याला फेरीबोट लागली,
स्कूटर उतरल्या, स्कूटर चढल्या.
मी अजून एक पायरी खाली.

आणि मग लाल, हिरवं.
काढलेली ओळ: उशीर शून्य.
घातलेली ओळ: उशीर अडतीस.
शेजारी त्याचं टिपण: पाय म्हणटा.
कुणाचा पाय, नव्या मुलाने मागून विचारलं.
तो साताऱ्याचा. त्याला काय ठाऊक
की आमच्याकडे पाय म्हणजे बाप.

एवढाच बदल.
नोंदवलेला नाही, पाठवलेला नाही,
सात महिने या एका यंत्रात
तीन दारांआड पडून.
आणि सात महिने आम्ही अख्ख्या चोडणला
शून्य सांगत होतो.

काशिमिरबाबला फोन लावला.
"उदकाक वेळ लागता गो," तो म्हणाला.
तुमचा तक्ता आग्वादचा. तिथून निघालेलं पाणी
मांडवीभर वळत वळत माझ्या दाराशी येतं
तोवर माझा एक तेर्स म्हणून होतो
आणि वर वाटीभर पेज.
तेर्स अधिक पेज.
पोराने घड्याळ लावून मोजलं असणार.

मग आमचे निरोप, मी विचारलं,
फळी कधी सोडायची ते सांगणारे?
वाचतो की, तो म्हणाला. वाचतो, मोबाईल खिशात टाकतो,
आणि पाण्याकडे बघतो.

बघायला बाहेरून आत गेले होते.
नोंदवायला उलटं, आतून बाहेर,
नाहीतर खाजन अशा घराचा पत्ता सांगेल
जे अजून कुणी बांधलेलं नाही.
म्हणून आधी भरती. करणाऱ्याचं नाव ज्योकिमचंच ठेवलं,
कारणात लिहिलं: काशिमिरबाबला विचारून.
मग मानस.
मग खाजन; त्याने काही विचारलं नाही,
जुनी चाळीस अक्षरं पुसली, नवी चाळीस लिहिली.

पुन्हा विचारलं, बदललंय का काही?
काही नाही, म्हणालं.
खरं तर आज पहिल्यांदाच बदललं होतं.

संध्याकाळी बरोबर वेळेचा पहिला निरोप गेला.
काशिमिरबाबच्या नावापुढे एकच खूण, राखाडी.
बांदावर असेल. तिथे रेंज नाही.

लॅपटॉप पुसला नाही अजून.
नव्या मुलाला सांगितलंय, उद्या,
मला ज्योकिमची बाकीची घरं
एकदा आतपर्यंत बघू दे.