तीन शिट्ट्यांची गोष्ट

फोनातल्या वाचनालयात मी गोष्ट निवडते
कुकर लावल्यावर.
'वाचनवेळ सात मिनिटं', म्हणजे तीन शिट्ट्या.
लांब निघाली तर ठेवून देते,
महाराज बाड्यावरच्या दुकानात साडी ठेवावी तशी,
घडी मोडून.

पूर्वी दौलतगंजात, वाचनालयाच्या पुस्तकांत
शेवटच्या पानावर कुणीतरी पेन्सिलीनं लिहायचं:
'रडाल. सोमवारी नेऊ नका.'
अक्षर ओळखीचं झालं. माणूस नाही.
त्याच्या शब्दावर कितीतरी पुस्तकं नेली मी,
मुद्दाम सोमवारी.

आता तारे आहेत.
परवा एका गोष्टीला दोन दिले, वर शेरा:
'शेवट पटला नाही. बाई परत त्याच घरी का जाते?'

आज उत्तर आलं. विभावरी मुंगी, मुरार.
(मुरार! टेम्पोनं वीस मिनिटं.)
'शेवटापर्यंत पोचलेल्या तुम्ही पहिल्याच.
मलाही पटला नव्हता.
पण ती गेली होती.'

शिट्ट्या मोजल्या नाहीत.
डाळ खाली लागली, वास जिन्यापर्यंत.

दोनाचे पाच करता आले असते.
नाही केले, दया वाटली असती तिला.
फक्त शेरा पुसला,
आणि एका बोटानं, सावकाश,
दुसरा लिहिला:
'सोमवारी वाचा.'