दोरीला बांधलेली पेन्सिल

ब्लॅकबर्नमध्ये मत पेन्सिलीनं देतात,
आखूड, दोरीला बांधलेली,
दारात बकरी बांधावी तशी.
मी टेबलाशी. नाव विचारतो, पट्टी धरून यादीत रेघ मारतो.
मागच्या भिंतीवर पहिलीच्या पोरांनी काढलेले ससे.

फाटकाबाहेर उझैर, माझ्या बहिणीचा,
पत्रकं वाटतोय: हुकूम फक्त अल्लाहचा.
माणसानं माणसासाठी कायदा करणं
म्हणजे त्याच्या तख्तावर चढून बसणं.

वाक्य चांगलं आहे.
विसाव्या वर्षी मलाही आवडलं असतं,
गिरणीच्या रात्रपाळीत,
फोरमन आम्हा अकराजणांना
एकाच नावानं हाक मारायचा तेव्हा.
कुणाचाच हुकूम नाही! केवढी मोकळीक.

पण उझैर, पुढचं पान वाचलंस?
तिथं एक निवडक तुकडी येते,
तिला म्हणे हुकूम नीट ऐकू येतो.
बाकीच्यांनी वाट सोडायची.
तख्त तर रिकामं ठेवलंस, बाबा,
पायरीवर बसलाय तो कोण?
आणि पाच वर्षांनी
त्याला उठ म्हणायचं कुणी?

चारला गारा आल्या. तो आत आला,
पत्रकं जॅकेटखाली कोरडी, स्वतः निथळत.
रांगेत धरतील म्हणून
सशांपाशी जाऊन उभा राहिला.
'किती आले, मामू?'
सांगता येत नाही, नियम आहे.

मग नियम थोडा मोडला.
डब्यात सांदणं आहेत, खा.
सकाळी तुझी आई ठेवून गेली.
आडोशाला बराच वेळ होती.
तिच्यानंतर पेन्सिलीला
टोक करावं लागलं.