नवव्या तासापर्यंत

अदिस अबाबात घड्याळ सूर्य उगवल्यापासून मोजतात.
आपले दुपारचे तीन म्हणजे त्यांचे नऊ.
असेगेदेच नऊपर्यंत पाण्याचा थेंब घेत नाही.
पंचावन्न दिवसांच्या उपासातला आज एकतिसावा.

तळघरात इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोप घरघरतो.
लाइट गेली की ती त्याला शिवी हासडते,
मग उपास आठवून
मनातल्या मनात माफी मागते.

तांब्याच्या जाळीवर यकृताचा काप,
केसाच्या हजाराव्या हिश्श्याइतका पातळ.
डबीवर तिच्याच अक्षरात:
उंदीर क्रमांक सतरा. उपाशी.

जेवलेला उंदीर तिनं सकाळीच पाहिला होता.
साखरेचे काळे झुबके, कणगी ओसंडावी तसे,
आणि मधूनमधून तंतुकणिका,
आखूड, गोलसर, आपापल्या जागी सुस्त.

सतराव्याची कणगी झाडूनपुसून रिकामी.
पण तंतुकणिका...
ती फोकस किंचित फिरवते.
लांबल्यात.
एकीचं टोक दुसरीत मिसळलंय,
कुठली कुठे संपली ते बोट ठेवून सांगता येऊ नये.
काही चरबीच्या थेंबाला बिलगून बसल्यात,
थंडीत शेगडीला बिलगावं तशा.
फक्त इथे शेगडी त्या स्वतः
आणि थेंब म्हणजे सरपण.
कोपऱ्यात एक मोडकी,
दुहेरी पडद्यात गुंडाळलेली.
तिला पेशी खाणार.
घरात काही उरलं नाही की
आधी मोडकी खुर्चीच चुलीत जाते.

वहीत ती एवढंच लिहिते:
सरासरी लांबी वाढली.

प्रोफेसर तिलाहुन परवा थट्टेत म्हणाले,
तूही उपाशीच, तुझाही एक नमुना घेऊ?
ती म्हणाली, माझ्या डबीवर काय लिहाल?

उपास की उपासमार.
शब्दांत फरक दोन अक्षरांचा.
पेशीला तेवढंही वाचता येत नाही.
साखर संपली, तिला एवढंच कळतं,
आणि ती कामाला लागते.

सत्त्याहत्तर साली (जगाचं ते पंच्याऐंशी)
वोल्लोच्या माळावरच्या छावणीत
असेगेदेच चार वर्षांची होती.
तिला आठवतो तो ताडपत्रीचा वास
आणि बिस्कीट मोडल्याचा आवाज.
आई मोडायची. आई द्यायची.
आई म्हणायची, माझं झालंय.

कॉलेजात पहिल्यांदा तिनं वाचलं:
उपाशी यकृत चरबीतून कीटोन रांधतं,
मेंदूला वाढतं, हृदयाला वाढतं,
स्वतःला मात्र ते खाता येत नाही,
त्यासाठी लागणारं विकरच त्याच्याकडे नसतं.
त्या दिवशी तिनं पुस्तक मिटलं
आणि वसतिगृहाच्या जिन्यात जाऊन बसली.
तंतुकणिका फक्त आईकडून येतात,
हे पुढच्या प्रकरणात होतं.

एकदा तिनं चिडून विचारलंही होतं,
एवढी भूक काढलीस, अजून उपास कसले करतेस?
वोइनशेत मसूर निवडत होती.
वर न बघता म्हणाली,
तेव्हा दार बाहेरून लावलेलं होतं.
आता कडी आतून आहे.
आणि एक खडा उचलून बाजूला टाकला.

वरच्या मजल्यावर खुर्च्या सरकतात.
असेगेदेच मशीन बंद करते, हात धुते,
डबा उघडते: गार इंजेरा, शिरो, लोण्याशिवाय.
थोड्या वेळानं तिच्याही आत
कणगीत पहिले दाणे पडतील,
हातात हात घेतलेल्या सुटतील,
पुन्हा आपापल्या जागी जातील.
कोणी पाहणार नाही.

फोन वाजतो. देसेहून.
जेवलीस?
आत्ता बसतेय. तू?
माझं झालंय.

भिंतीवरच्या घड्याळात
नऊ वाजून एक मिनिट.