क्रियापद

अंबाजोगाई, ओपीडी, खोली नऊ.
सरावाचा तिसरा दिवस.
बेलुरे मॅडमनी बजावलं होतं,
"'तुम्ही' म्हणा. 'आलात'ला बाई-पुरुष नसतं.
समोरच्याच्या क्रियापदाची वाट पाहा."

वहीत अधोरेखित केलं मी.
तरी केसपेपरवर 'गंगासागर' वाचलं
आणि तोंडून गेलंच,
ताई, झोप कधीपासून नाही?

परळीहून आलेलं माणूस.
मांडीवर हेल्मेट, त्याच्या काचेवर धूळ.
बराच वेळ नुसता पंखा.

"आई म्हणली, बहिणीच्या लग्नाला ये,
पण साडी नेसून ये.
तव्हापासून जागाच हाय मी."

जागा.
जागी नाही.

चुकलं माझं, म्हणाले.
नाव काय लिहू?

तो म्हणाला, आधी पाणी द्या.
आणि हेल्मेट
खाली फरशीवर ठेवलं.