थुंकलेल्या बिया

फोंड्याला तिस्कावरच्या दवाखान्यात
डॉक्टर केंकऱ्यांनी दंडाचा पट्टा सोडला,
आकडा लिहिला, चष्म्यावरून पाहिलं.
मीठ कमी. सुकी सुंगटं बंद. रोज चालायचं.
उल्काच मध्ये म्हणाली, काळं चॉकलेट चांगलं ना हो, हृदयाला?
चालेल, म्हणाले, बोटाच्या पेराएवढं,
पण गोळी ती गोळीच.

शनिवारी पणजीहून लेक ते घेऊन आली,
पंच्याऐंशी टक्के, साडेतीनशे रुपये,
वेष्टनावर एक फळ रेखलेलं.
मी म्हटलं, अगं, ह्याला मी ओळखते.

सावईच्या आमच्या कुळागरात
पोफळींच्या सावलीला हीच झाडं.
शेतकी खात्यानं रोपं दिली होती,
बिया न्यायला टेम्पो यायचा,
दोन-तीन वर्षं आला,
मग नाही आला.
झाडांना कुणी कळवलं नाही.
ती खोडालाच फळत राहिली, फणसासारखी,
आणि आम्ही पोरं दगडावर फळ फोडून
आतला पांढरा, सीताफळी गर चोखत राहिलो.
बी चुकून चावली तर जांभळी, कडूजहर.
ती थुंकायची. पाटापलीकडे कोण थुंकतो ह्यावर पैज.
बाबलो जिंकायचा. दर वेळी बाबलो.

आई भिरंडांची बी न् बी जपायची,
वाळवायची, कुटायची, कढवायची,
भिरंडेलाचा पिवळट गोळा फळीवर असायचा,
भेगाळल्या टाचांना, फुटल्या ओठांना तोच.
कोकम जपलं, कोको थुंकला,
एवढ्याशा फरकानं.

पुतणीच्या लग्नाआधी जावेनं ओढत नेलं
इनासियाच्या पार्लरमध्ये.
चॉकलेट फेशियल, आंटी, बघा कशी तुकतुकी येते.
तोंडभर लेप, आरशात मी
नुकतीच सारवलेली भिंत.
हलायचं नाही, बोलायचं नाही, हसायचं तर नाहीच.
ओठाच्या कोपऱ्यावरचं मी हळूच चाटलं.
साखर होती नुसती.
लग्नात तिघींनी विचारलं, काय लावतेस गो?
मी म्हटलं, वय.

ह्या वर्षी फळं फुकट जाऊ दिली नाहीत.
बिया केळीच्या पानांत गुंडाळून सहा दिवस ठेवल्या,
घरभर शिर्क्याचा वास, हे दोन दिवस ओसरीवर जेवले.
खळ्यात वाळवल्या, खापरीत भाजल्या,
टरफलं पाखडली, रगड्यात घातल्या.
रगडा आधी कुरकुरला,
मग एकाएकी सगळं ओलं झालं, काळं, तेलकट,
पाण्याचा थेंब न घालता.
वास असा की शेजारची शालन कुंपणाशी येऊन उभी.
चव? कडू, आंबटसर,
थोडा धूरही लागला होता.
उल्कानं तोंड वाकडं केलं, अगदी लहानपणच्या माझ्यासारखं.
मी मात्र जिभेवर ठेवून बसले
तो कडूपणा स्वतःहून निघून जाईपर्यंत.
तो लगेच जात नाही.

पुढच्या खेपेला आकडा थोडा उतरला होता.
केंकरे म्हणाले, गोळी लागू पडली.
असेल. मी वाद घातला नाही.

बाबलो सत्तेचाळीसाव्या वर्षी गेला.
पोफळीवरून पडून नव्हे.
खुर्चीत बसून, चहा निवेपर्यंत.
त्याला कुणी पट्टा बांधला नव्हता,
पेराएवढं काही दिलं नव्हतं,
आणि दिलं असतं तरी काय, हे मला ठाऊक नाही.

पाटापलीकडे एक झाड आहे,
ते ना शेतकी खात्याचं, ना कुणी लावलेलं.
मोठ्या झाडापासून अकरा पावलं.
पाण्यानं थोडी लबाडी केली असणार,
नाहीतर एवढ्या लांब कोण थुंकेल?
संध्याकाळी तिथपर्यंत जाते, परत येते,
पुन्हा जाते.
डॉक्टरांनी चालायला सांगितलंय.