पाठमोरा

गंगावेशीच्या दूध कट्ट्यावर
रात्री साडेनऊला तिकडची संध्याकाळ सुरू झाली.
मोबाईल टेकवलेला दुधाच्या किटलीला,
स्क्रीनवर वरून खालपर्यंत एक तडा.
डावा विंगर त्या तड्यातून जातो
तेव्हा त्याचे दोन होतात.

अरब देशांची फायनल.
आमचं काय त्यात?
पण त्यांच्या पेठेनं लाल धरला
म्हणून आम्ही, न ठरवता, पांढरा.
अकरातलं एक नाव कुणाला धड उच्चारता येईना.
"ह्यो सात नंबर आपल्या बंडूगत वळतोय बघ."
एवढी ओळख पुरली.

कॉमेंट्री अरबी.
हाफिज इलाहींना मुद्दाम बोलावून आणलं.
ग्लासातला फेस फुंकत ते म्हणाले,
"बाबांनो, माझी अरबी कुराणातली,
हा माणूस तिच्यावरून घोडं दामटतोय."
तरी पेनल्टी मिळाली तेव्हा
त्यांना त्या गोंगाटात एक शब्द सापडला:
सब्र.
मागे म्हैस रवंथ करत उभी,
हे काय नवीन, अशा चेहऱ्यानं.

जैतूनबी बारगीर आली ती दुसऱ्या हाफला.
बाकावर बसली नाही.
"चेंडू नगं दावू," म्हणाली, "कड दाव."
तिला कोण समजावणार
की कॅमेरा आपल्या हातात नसतो.
पण एकदा कॉर्नरच्या वेळी
कड आली.
पिवळ्याधमक जाकिटांची एक रांग,
सगळे मैदानाकडे पाठ करून,
गर्दीवर नजर ठेवायचा पगार असलेले.
"त्यो. झेंड्यापासनं चौथा."
पाठीवरून कसं ओळखलं, काकी?
"डावा खांदा बघ की.
खाली हाय."

मी ग्लास खाली ठेवला.

शाहू स्टेडियम, सात वर्षांमागची लीग,
शेवटची दहा मिनिटं,
मुश्ताक बॉल घेऊन माझ्या बाजूनं सुटला
आणि मी बॉलकडे गेलोच नाही.
आमची पेठ त्या रात्री हलगी लावून नाचली.
तिनं तीन महिने तेल चोळलं.
मग तो दोह्याला गेला.
ह्यातलं काही कुणी इथं बोललं नाही,
बोलायची गरजही नव्हती,
कट्ट्यावर सगळ्यांना सगळं माहीत असतं.

जादा वेळेत लालनं मारला.
आमची अर्धी माणसं उठून गेली,
दुधावर साय धरली,
बाराच्या पुढं तिचा फोन वाजला.
दोन मिनिटं आई-लेकाचं जेवलास का, थंडी हाय का.
मग त्यानं काहीतरी विचारलं
आणि तिनं इकडंतिकडं बघून
फोन माझ्या हातात दिला.

"कोण हाय?" तो म्हणाला. मी नाव सांगितलं.
मागं लोखंडी कठडे आपटत होते,
कुणीतरी रिकाम्या बाटल्या गोळा करत होतं.
"बरं झालं. सांग. गोल कसा झाला?"
तू तिथंच होतास की, मुश्ताक.
"माझ्या मागं झाला.
मला गोल तोंडांवर दिसतो, भावा.
आधी तोंडं उघडत्यात,
मग आवाज येतोय.
पण पाय कुणाचा, कुठनं, ते कळत न्हाई."

सांगितलं.
सात नंबरनं छातीवर घेतला,
बाहेरच्या पायानं आत आणला,
जागा थोडी होती, वीतभर.
"आणि डिफेंडर?"
उशिरा आला.
"पाय घातला?"

किटलीवरचा मोबाईल कुणीतरी उचलला,
उजेड गेला.

न्हाई, म्हटलं.
घालता आला असता.
जाऊ दिलं त्यानं.

पलीकडं कठडा आपटला. अजून एक.
"चांगला खेळाडू असंल," मुश्ताक म्हणाला,
"ठेवतो, सुपरवायझर आला."

जैतूनबीनं फोन पदरानं पुसून कमरेला खोचला,
दूधवाल्याला दोन ग्लासांचे पैसे दिले.
तिनं स्वतः दूध घेतलं नव्हतं.
एक ग्लास हाफिजजींचा.
दुसरा
सायीसकट
अजून माझ्यासमोर होता.