कडेला धरून

मी चुका जमवतो.
तीस वर्षं भूगोलाच्या पेपरांतल्या तपासल्या,
आता टांकसाळीच्या तपासतो.
दोनदा ठसा बसलेले हेलर,
डोकं खाली करून उभा राहिलेला सिंह,
एक पन्नाशी, जिच्या कडेचा कुणीतरी
बिस्किटासारखा घास घेतलाय.

झ्वोलेनच्या रविवारच्या बाजारात देझिदेर
मला बनावट चुकाही विकू पाहतो,
हातोडीने ठोकलेल्या, पकडीत पिळलेल्या.
चांदीचं नाणं तो उकडलेल्या अंड्यासोबत
रात्रभर डबीत कोंडतो
आणि सकाळी म्हणतो, बघा मास्तर, शंभर वर्षांचा निळा.
शंभर वर्षांच्या निळ्याला अशी घाई नसते.
तो कडेकडून येतो, जांभळा होत, दबकत,
आणि अक्षरांच्या आडोशाला
थोडी चांदी गोरी राहू देतो.

या कोरुनेसाठी मात्र मी घासाघीस केली नाही.
गुडघे टेकून लिंडनचं रोप लावणारी ती मुलगी
आमच्या पिढीच्या खिशाखिशात होती.
इथं ठसा घसरलाय.
मुलगी आहे, वाकलेली पाठ आहे,
रोप चकतीच्या बाहेर पडलं
आणि पाठीमागे उरली
कोऱ्या धातूची चंद्रकोर.
पलीकडे साल: एक, नऊ, सात, आणि पुढे कड.

आमच्याकडे प्रत दोन आकड्यांत लिहितात,
एक या बाजूची, एक त्या बाजूची,
आणि शाळेसारखाच एक म्हणजे उत्तम.
अमेरिकेत म्हणे सत्तरपैकी गुण देतात.
एवढे बारकावे आणतात कुठून कोण जाणे.
मी वहीत लिहिलं: एक, तिरकी रेघ, एक.
सालाचा रकाना मोकळा.

तेवढ्यासाठी गेलो क्रेम्नित्साला,
उतरत्या चौकाच्या वरच्या टोकाला,
ओतिलिया पाउचोव्हाकडे.
सव्वीस वर्षं टांकसाळीत तपासनीस.
"पट्ट्यावरून नाणी वाहायची," ती म्हणाली,
"मी नदीकडे बघत बसणारी पगारी बाई."
वाईट ते वेचून डब्यात,
डबा मोजून भट्टीत.
"तुमच्या हातून किती निसटली?"
"एकही नाही."

मग भिंग न घेता
तिनं नाणं खिडकीशी तिरकं धरलं.
"सहा. शहात्तर. लिहा."
कशावरून, मी विचारलं.
तिनं खसखशीच्या केकची ताटली पुढे सरकवली,
माझा तुकडा संपेपर्यंत रेडिओची कळ फिरवत बसली,
आणि कळ फिरवतच म्हणाली,
"हे निसटलेलं नाही."

किंमत विचारली. मी सांगितली.
डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसली.
"तेव्हा हिच्यात तीन पाव यायचे,
वर दहा हेलर परत."

नाणं कडेला धरायचं, हातमोजे घालून,
हे मी नातवाला ओरडून ओरडून शिकवलंय.
तिनं उघडा अंगठा
मुलीच्या पाठीमागच्या कोऱ्या जागेवर ठेवला
आणि दाबला.
दाबून धरला.
मी कपातल्या गाळाकडे बघत राहिलो.
साडेचारची बस चुकली.

तीन हिवाळे झाले त्याला.
पहिल्या वर्षी काहीच नव्हतं.
दुसऱ्या वर्षी काचेवरच्या श्वासाएवढं धुकं.
आता तपकिरी रेषा सुट्या मोजता येतात,
एक भोवरा, आणि त्यातून आडवा गेलेला
जुन्या कापल्याचा व्रण.
देझिदेर म्हणतो, ॲसिटोन आणू का, मास्तर,
पुसून बघू, अजून जाईल कदाचित.

नियम तो नियम.
मुलीच्या बाजूचा एक खोडून मी दोन केला.
सालाच्या रकान्यात शहात्तर,
पेन्सिलने.